कोरोनाकाळात स्टेडियमवरचे नियम फक्त सामान्य प्रेक्षकांसाठीच होते का?

कागदावर नाही, पण अंमलबजावणीत बऱ्याच अंशी हो.

डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर भारत-न्यूझीलंड कसोटी झाली (एजाझ पटेलने डावात दहाच्या दहा बळी घेतले तीच). तेव्हा क्षमतेच्या फक्त 25 टक्के प्रेक्षकांना परवानगी होती. तिकिटं एवढी कमी झाली की पहिला फटका बसतो तो ओळखपाळख नसलेल्या माणसाला. राग तिथून येतो आणि तो रास्त आहे.

पक्षांनी मात्र त्याचा विचका केला. 2021 च्या दहीहंडीला भाजप आणि मनसे राज्यातल्या तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारला हिंदुविरोधी म्हणत होते, तर सरकारची बाजू घेणारे प्रत्येक प्रश्नाला बेजबाबदारपणा ठरवत होते. हवा कुठे खेळती आहे, याची चर्चा दोघांनाही नको होती. विषाणू बंद जागेत जास्त पसरतो. म्हणजे नॉर्थ स्टँडच्या मोकळ्या बाकांपेक्षा काचेआडचा वातानुकूलित बॉक्स जास्त धोक्याचा, आणि तिथेच खाण्यापिण्याच्या निमित्ताने मास्क उतरतो. त्याच बॉक्समध्ये ताटं उचलणारा मुलगा मात्र दिवसभर मास्क लावून उभा. त्याची बाजू एकाही पक्षाने मांडलेली मला आठवत नाही.

तरीही ‘मास्क म्हणजे श्रीमंतांचं थोतांड’ हे मला अजिबात मान्य नाही. सामना सुटल्यावर चर्चगेटहून खचाखच भरलेल्या लोकलने घरी जाणाऱ्याला, आणि दहा बाय दहाच्या खोलीत म्हाताऱ्या आईवडिलांसोबत राहणाऱ्याला मास्कची गरज सगळ्यात जास्त होती. बॉक्सवाला गाडीतून एकटा जातो.