बँकॉकचा राजवाडा पहिल्यांदा पाहताना

बँकॉकसाठी तुमच्याकडे एकच दिवस असेल, तर तो पूर्णपणे चाओ फ्राया नदीकाठच्या जुन्या शहराला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. थायलंडचा राजा पहिला राम याने 1782 मध्ये राजधानी येथे आणली आणि त्याच वर्षी राजवाड्याचे बांधकाम सुरू झाले. सकाळी साडेआठला दरवाजे उघडतात, तेव्हाच आत शिरावे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे आवश्यक आहेत. बाहेर कोणी ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून रिक्षात बसवू लागला, तर विश्वास न ठेवता थेट तिकीटखिडकी गाठावी. पहिल्या खेपेस माझी सकाळ अशीच वाया गेली होती.

आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरात (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर) बहुतेक जण पाचूच्या बुद्धाचे दर्शन घेऊन निघतात, परंतु भोवतालच्या ओवऱ्यांत रामकियेन, म्हणजे थायलंडचे रामायण, 178 भित्तिचित्रांत रंगवलेले आहे. उत्तरेकडून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने चालत गेल्यास कथा क्रमाने उलगडते. दशकंठ रावण येथे ‘थोत्सकान’ होतो, आणि आपला ब्रह्मचारी मारुती येथे चक्क प्रेमवीर आहे. सोनेरी वर्खाने चमकणारे राक्षसांचे मुकुट जवळून पाहावेत, मात्र हात लावू नये.

वाट फोमधील 46 मीटर लांबीच्या शयनबुद्धाच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हे कोरली आहेत, तेथे थांबावेच. तेथून होडीने पलीकडे वाट अरुण आहे.