वाचकांचे प्रश्न : व्हिएतनामला पहिल्यांदा जाताना

प्रश्न : दा नांगला चार दिवस मुक्काम आहे. जवळच्या 'मी सन' या ठिकाणची जुनी शिवमंदिरं पाहून आलेले ओळखीचे लोक म्हणतात, तिथे पडक्या विटांशिवाय काही नाही. जावं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : जरूर जा, पण आधी दा नांग शहरातल्या चाम (इथल्या प्राचीन चंपा राज्याचे लोक) शिल्प संग्रहालयात दोन तास काढा आणि मी सन दुसऱ्या दिवशी करा. हिरमुसून परतणाऱ्या बहुतेकांनी संग्रहालय वगळलेलं असतं. मी सनमधली बरीच शिल्पं शंभरेक वर्षांपूर्वीच तिथे हलवली गेली, त्यामुळे जागेवर मुख्यतः वास्तू उरल्या आहेत. मी सनमधल्या मंदिरांच्या गटांना इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. त्यातल्या 'ई-१' या मंदिराचं सातव्या शतकातलं दगडी पीठ, म्हणजे देवाखालचा चौथरा, तर अजिबात चुकवू नका. डोंगरातल्या तपस्व्यांचा सगळा दिनक्रम त्यावर कोरला आहे: कुणी वाद्य वाजवतोय, कुणी अंग रगडून घेतोय.

चंपाचा राजा भद्रवर्मा याने चौथ्या शतकात मी सनला भद्रेश्वर नावाने शिवाची स्थापना केली. ते पहिलं लाकडी मंदिर जळालं, मग विटांची मंदिरं उभी राहिली आणि तेराव्या शतकापर्यंत बांधकाम चालू होतं. भिंतीजवळ जाऊन सांधे नीट पाहा. दोन विटांमध्ये चुन्याचा जाड थर दिसणार नाही. नक्षीही वेगळी घडवून बसवलेली नाही, भिंत उभी केल्यावर थेट विटांतच कोरली आहे. ही कारागिरी सर्वात चांगली टिकली आहे ती 'बी', 'सी' आणि 'डी' या गटांत, म्हणून सुरुवात तिथूनच करा. 'ए' गटातलं मोठं शिखर १९६९च्या अमेरिकन बॉम्बफेकीत कोसळलं. त्याच गटात आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने जीर्णोद्धाराचं काम केलं आणि मे २०२०मध्ये तिथे नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं.

दा नांगजवळच्या होई आन या जुन्या शहरापासून मी सनचं अंतर साधारण ४० किलोमीटर, गाडीने तासभर. दरवाजा उघडतानाच पोचा. दरी डोंगरांनी वेढलेली असल्याने अकरानंतर उकाडा असह्य होतो आणि सहलीच्या बसही त्याच सुमारास येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळा. मध्य व्हिएतनाममध्ये तेव्हा मुसळधार पाऊस असतो, होई आनच्या गल्ल्यांत पाणी भरतं.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. 'भारतीयांनी बांधलेली मंदिरं' असं तिथे बोलू नका. देव आणि संस्कृत शिलालेख भारताकडून आले असले तरी राजे, कारागीर आणि भक्त चाम होते. त्यांचे वंशज आजही दक्षिणेकडच्या फान रांग परिसरात राहतात आणि पो क्लोंग गराई मंदिरात काते हा उत्सव करतात. तो बहुधा ऑक्टोबरात येतो. न्हा त्रांगच्या पो नगर मंदिरात तर चाम आणि व्हिएतनामी असे दोघेही पूजेला येतात. तिथल्या दारावरची महिषासुरमर्दिनी ओळखायला तुम्हाला मार्गदर्शक लागणार नाही.

प्रश्न : होची मिन्ह यांच्या समाधीवर 'शिवाजी महाराजांचा एक मावळा येथे विश्रांती घेत आहे' असं लिहिल्याचा मेसेज सतत येतो. ते कुठे पाहायला मिळेल? (वाचक, सांगली)

उत्तर : कुठेही नाही. हानोईच्या बा दिन्ह चौकातल्या स्मारकावर दर्शनी बाजूला फक्त 'अध्यक्ष होची मिन्ह' एवढंच लिहिलं आहे. आत काचेच्या पेटीत त्यांचा जतन केलेला देह आहे.

व्हिएतनामने गनिमी कावा महाराजांकडून घेतला, असं अशा मेसेजमधून सुचवलं जातं. पण तो व्हिएतनामला बाहेरून शिकावा लागला नाही. १२८८मध्ये मंगोल आरमार चालून आलं तेव्हा सेनापती त्रान हुंग दाओ यांनी बाक डांग नदीच्या तळात अणकुचीदार लाकडी खांब रोवले, भरतीच्या पाण्यावर शत्रूला आत ओढलं आणि ओहोटी लागताच जहाजं त्या खांबांत अडकली. ही युक्तीही जुनीच होती: ९३८मध्ये न्गो क्वेन यांनी त्याच नदीवर ती वापरली होती. पुढे ले लोय यांनी १४१८ ते १४२७ अशी दहा वर्षं डोंगराळ भागातून चीनच्या मिंग राजवटीच्या फौजांशी झुंज दिली. हे सगळं महाराजांच्या जन्माआधीचं, १६३०च्या आधीचं आहे. महाराजांची थोरवी अशा मेसेजवर अवलंबून नाही आणि व्हिएतनामी माणसाला त्याचा इतिहास उसना होता असं ऐकवणं बरं दिसत नाही. बाक डांगचे मूळ खांब हानोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत, ते पाहा.

होची मिन्ह यांचं स्मारक फक्त सकाळी उघडतं, सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतं. शिवाय वर्षातून एकदा देखभालीसाठी बराच काळ बंद ठेवतात, तेव्हा तारखा आधी तपासा. अर्धी चड्डी चालत नाही. आत टोपी काढायची, हात खिशातून बाहेर, बोलायचं नाही, फोटो नाही.

प्रश्न : देवळांत आपण नमस्कार केला, उदबत्ती लावली तर चालतं का? (वाचक, पुणे)

उत्तर : चालतं. आधी कुणाच्या दारात आहात ते बघा. 'चुआ' म्हणजे बुद्धमंदिर. 'देन'मध्ये देवत्व मिळालेले वीरपुरुष असतात, हानोईच्या तळ्यातल्या न्गोक सनमध्ये वर सांगितलेले त्रान हुंग दाओ आहेत. 'फू' हे मातृदेवतांचं ठाणं.

तीन दारं असतील तर मधलं सोडा, उजवीकडून आत जा, डावीकडून बाहेर या. उंबरा ओलांडायचा, त्यावर पाय द्यायचा नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उदबत्त्या विषम संख्येत, एक किंवा तीन, आणि ज्योत फुंकरीने न विझवता हात हलवून विझवायची. नोटा मूर्तीच्या हातात खोचू नका, दानपेटीत टाका.

'फू'मध्ये एखादे वेळी 'हाउ दोंग' चालू असलेलं दिसेल. यात माध्यम झालेल्या व्यक्तीच्या अंगात एकामागून एक देवता येतात, प्रत्येकीचा वेष वेगळा, आणि गायक-वादक त्या त्या देवतेची गाणी म्हणतात. मातृदेवतांच्या या उपासनेला २०१६मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. अंगात येणं आपल्याकडेही आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटू नये. कडेला बसा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. मध्येच फळं, मिठाई, सुट्ट्या नोटा वाटल्या जातील. तो प्रसाद असतो, दोन्ही हातांनी घ्या.

जेवतानाही एक लक्षात ठेवा: चॉपस्टिक भाताच्या वाडग्यात उभ्या खोचू नका. मृतांपुढे ठेवलेल्या भातात उदबत्त्या तशा उभ्या असतात.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. निभावेल का? (वाचक, ठाणे)

उत्तर : 'व्हेज' म्हणून मागाल तर फसाल. भाजी आली तरी ती 'नुओक माम', म्हणजे माशांच्या सॉसमध्ये परतलेली असते आणि सूप हाडांचं असतं. शब्द लक्षात ठेवा 'आन चाय', म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण. उच्चारातले सूर चुकतात, म्हणून व्हिएतनामी लिपीत लिहून मोबाइलमध्ये ठेवा. 'कोम चाय' अशी पाटी असलेली खानावळ सर्वात खात्रीची, आणि ह्वेसारख्या शहरात ती सहज सापडते. तिथे मांसासारखं दिसणारं काही ताटात आलं तर घाबरू नका, ते सोयाबीनचं किंवा गव्हाचं असतं.

चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःच 'चाय' खातात. आपल्या दिनदर्शिकेतली अमावास्या-पौर्णिमा बघा, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडेल. त्या दिवशी पर्याय वाढतात, गर्दीही वाढते. अंडं टाळत असाल तर तांदळाच्या शेवया घ्या. पिवळ्या गव्हाच्या शेवयांत बहुधा अंडं असतं, आणि हानोईची प्रसिद्ध 'का फे चुंग' ही तर अंड्याचीच कॉफी.

प्रश्न : तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवसांत गेलो तर उत्सव पाहायला मिळेल ना? (वाचक, पणजी)

उत्तर : खरा उत्सव घराघरांत असतो, पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर. पाहुण्याच्या वाट्याला बंद दुकानं आणि भरलेल्या रेल्वेगाड्या येतात. २०२७मध्ये तेत ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधीच्या आठवड्यात जा: फुलांचे बाजार, पीच आणि कुमक्वाटची (छोट्या संत्र्यासारखं फळ) झाडं दुचाकीवर बांधून घरी नेणारे लोक, आणि बाराव्या चांद्र महिन्याच्या २३ तारखेला चुलीच्या देवाला निरोप देताना तळ्यात सोडले जाणारे मासे, हे सगळं रस्त्यावर दिसतं. तेतच्या पहिल्या सकाळी मात्र बोलावणं असल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नका. वर्षातलं पहिलं पाऊल कोण टाकणार हे त्या घराने आधीच ठरवलेलं असतं.