सीनियरचं नाव सांगितलं तर इज्जत जाते का?

सैन्य, सैनिकी शिक्षण आणि युद्धेतिहास यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात एक निवृत्त लष्करी अधिकारी उत्तरं देतात.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, एनडीएची तयारी करतोय. त्याच्या क्लासमधले एक सर मुलांना सांगतात की, तिथे सीनियरने कितीही त्रास दिला तरी त्याचं नाव वर सांगायचं नाही. नाव सांगणारा कायमचा बदनाम होतो, आणि हाच तिथला 'ऑनर'. मुलगा हे घरी मोठ्या अभिमानाने सांगतो. त्यानेच मला परवा एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत एका कृष्णवर्णीय कॅडेटचे रात्री कान कापले आणि शेवटी दोषी त्यालाच ठरवलं. हे खरं आहे का? खरं असेल तर हा ऑनर म्हणजे नक्की काय असतो?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, गोष्ट खरी आहे, आणि तुमच्या मुलाने ती नीट, पूर्ण वाचावी असं मला वाटतं. सरांच्या सांगण्यातला दोष त्याला तिथेच सापडेल.

त्या कॅडेटचं नाव जॉन्सन व्हिटेकर. १८५८ साली साउथ कॅरोलायनात तो गुलाम म्हणून जन्माला आला. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, आणि १८७६ मध्ये हा मुलगा हडसन नदीकाठच्या त्या अकादमीत दाखल झाला. त्याच्या आधी १८७० मध्ये जेम्स वेब्स्टर स्मिथ आला होता. त्याचा एवढा छळ झाला की चार वर्षांत चौकश्या, कोर्ट मार्शल आणि शेवटी परीक्षेत नापास ठरवून बाहेर. हेन्री फ्लिपर मात्र टिकला आणि १८७७ मध्ये तिथून पास होणारा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी झाला. व्हिटेकर पहिलं वर्ष या फ्लिपरच्याच खोलीत राहिला. फ्लिपर गेल्यावर पुढे तो एकटा पडला. बाकीचे कॅडेट त्याच्याशी कामापुरतंही धड बोलत नसत.

सुरुवातीच्या काळात एका गोऱ्या कॅडेटने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. व्हिटेकरने उलटा हात उचलला नाही, रीतसर तक्रार केली. मारणाऱ्याला शिक्षा झाली, पण कॅडेटांच्या नजरेतून उतरला तो व्हिटेकर. हाताने उत्तर दिलं नाही म्हणून भित्रा, आणि तक्रार केली म्हणून चहाडखोर. तुमच्या मुलाचे सर आज जे शिकवतात ते तेव्हाही असंच शिकवलं जायचं.

६ एप्रिल १८८०. सकाळच्या हजेरीला व्हिटेकर आला नाही. खोलीत जाऊन पाहिलं तर तो जमिनीवर पडलेला, पाय पलंगाला बांधलेले, हात बांधलेले, कानांना चिरा, केस कुठेकुठे कापलेले, अंगावर रक्त. रात्री तोंडं झाकलेले तिघे आत शिरले, असं त्याने सांगितलं. जागा राहा, तुझा समाचार घेतला जाणार आहे, अशा अर्थाची निनावी चिठ्ठी त्याला आधीच मिळाली होती.

आता पुढचं लक्ष देऊन वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. बाकीच्या कॅडेटांना विचारण्यात आलं. सगळे म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही. वेस्ट पॉइंटचा कॅडेट खोटं बोलत नाही हा तिथला पायाच. त्याच्या शब्दाला पुरावा लागत नाही. म्हणजे ते खरं बोलत होते. ते खरं बोलत असतील तर हल्ला झालाच नाही. आणि हल्ला झाला नसेल तर या मुलाने स्वतःच स्वतःचे कान कापले, स्वतःला बांधून घेतलं आणि चिठ्ठीही स्वतःच लिहिली. कशासाठी? तर जूनची परीक्षा चुकवायला आणि सहानुभूती मिळवायला! व्हिटेकरही कॅडेटच होता, त्यानेही शब्द दिला होता. पण त्याचा शब्द कुणी शब्द म्हणून धरलाच नाही.

चौकशी त्याच्यावरच उलटली. १८८१ मध्ये न्यूयॉर्कला कोर्ट मार्शल चाललं. हार्वर्ड कॉलेजमधून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय, रिचर्ड ग्रीनर, त्याच्या बाजूने उभे राहिले. हस्ताक्षरतज्ज्ञांनी चिठ्ठीतलं अक्षर त्याचंच म्हणून सांगितलं आणि तो दोषी ठरला. मार्च १८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी हा निकाल रद्द केला, कारण तो हस्ताक्षराचा पुरावा मुळात ग्राह्यच नव्हता. आणि त्याच दिवशी युद्धखात्याने परीक्षेत नापास म्हणून त्याला अकादमीतून काढून टाकलं! व्हिटेकर पुढे शिक्षक झाला, वकील झाला, आणि १९३१ मध्ये वारला. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याचं अधिकारीपद मरणोत्तर बहाल केलं. ते घ्यायला त्याचे वंशज आले होते.

तेव्हाचे तिथले प्रमुख जनरल जॉन स्कोफिल्ड. यांची गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ऑगस्ट १८७९ मध्ये, म्हणजे त्या रात्रीच्या आठ महिने आधी, त्यांनी कॅडेटांसमोर छळाविरुद्ध भाषण केलं होतं. स्वतंत्र देशाच्या सैनिकाला लढाईत भरवशाचा करणारी शिस्त जुलमी वागणुकीतून येत नाही, तशा वागणुकीने सैन्य घडण्यापेक्षा बिघडण्याचाच संभव जास्त, असा त्याचा आशय. आपल्या डेहराडूनच्या आयएमए या लष्करी अकादमीत तिचं उद्घाटन करणाऱ्या चेटवुड यांची वाक्यं जशी पाठ असतात, तसा स्कोफिल्डचा तो उतारा वेस्ट पॉइंटचे नवे कॅडेट आजही पाठ करतात. आणि याच माणसाने व्हिटेकरवर विश्वास ठेवला नाही. १८८० च्या अहवालात त्यांनी असं मत लिहिलं की, गुलामीत जन्मलेल्या तरुणाला गोऱ्यांच्या बरोबरीने तिथे स्पर्धेला पाठवणं म्हणजे गोऱ्यांनी शतकानुशतकं कमावलेली पातळी त्याने अर्ध्या पिढीत गाठली असं मानणं. छळ वाईट हे त्यांना कळत होतं. पण छळ झालेला मुलगा समोर उभा राहिला तेव्हा त्यांना त्याचा रंग आधी दिसला.

तर ताई, वेस्ट पॉइंटचा नियम असा आहे : कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. शेवटचा भाग मुलाला दोनदा वाचायला सांगा. 'नाव सांगू नका' हे यात कुठे बसतं, ते त्याने सरांना विचारावं. सीनियरने मारलं आणि अधिकाऱ्याने विचारल्यावर 'पडलो, सर' असं सांगितलं, तर ते खोटं बोलणं आहे. ज्याने ते सांगायला भाग पाडलं त्याने मुलाचाही ऑनर घालवला आणि स्वतःचाही.

प्रश्न : वेस्ट पॉइंटचे कृष्णवर्णीय कॅडेट बेंजामिन डेव्हिस यांच्याशी चार वर्षं कुणी बोललं नाही असं वाचलं. हे कसं शक्य आहे? आणि ते सोडून का गेले नाहीत?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : शक्य होतं, कारण त्याची तिथे पद्धत ठरलेली होती. कॅडेटांच्या ऑनर कमिटीने एखाद्याला दोषी मानलं, पण तो राजीनामा द्यायला तयार नसला, तर सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं बंद करायचं. ड्यूटीपुरतं तेवढं बोलायचं. याला तिथे 'सायलेन्स' म्हणत. आपल्याकडे गावाने वाळीत टाकत, तसंच हे. १९७३ मध्ये ही पद्धत बंद झाली.

डेव्हिस यांनी मात्र कुठलाही नियम मोडला नव्हता. शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट, त्या वेळी अमेरिकेच्या संसदेतले एकमेव कृष्णवर्णीय सदस्य, यांनी त्यांचं नाव सुचवलं आणि १९३२ मध्ये ते दाखल झाले. वडील सैन्यात अधिकारी. १८८९ मध्ये चार्ल्स यंग पास झाल्यानंतर इतक्या वर्षांत एकही कृष्णवर्णीय कॅडेट तिथून पास झालेला नव्हता. सुरुवातीच्याच दिवसांत एकदा तळघरात बैठक आहे म्हणून निरोप आला. डेव्हिस तिकडे निघाले तेव्हा आतलं बोलणं कानावर पडलं. या काळ्याचं काय करायचं, असा विषय चालला होता. आपल्याबद्दलच बोलताहेत हे कळल्यावर ते मागे फिरले. तेव्हापासून चार वर्षं रूममेट नाही, जेवणाच्या टेबलावर कुणी शब्द बोलत नाही. त्यांना निघून जायला लावावं, एवढाच हेतू.

ते गेले नाहीत. त्यांना वैमानिक व्हायचं होतं. आपल्याला घालवायला निघालेल्यांच्या मनासारखं होऊ द्यायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं. १९३६ मध्ये २७६ जणांत ३५वा क्रमांक मिळवून ते बाहेर पडले. त्या तुकडीच्या वार्षिकात त्यांच्या धैर्याबद्दल आणि चिकाटीबद्दल आदराने लिहिलेलं आहे. ते वाचून मला राग येतो. चार वर्षं एक शब्द बोलायचा नाही आणि जाताना छापील कौतुक करायचं! त्यातल्या एकाने जरी पहिल्या वर्षी जेवताना 'मीठ दे रे' म्हटलं असतं, तर त्याची किंमत त्या परिच्छेदापेक्षा कितीतरी जास्त झाली असती.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. हवाई दलाने आधी नाकारलं, कारण कृष्णवर्णीयांची तुकडीच नव्हती. मग कृष्णवर्णीय वैमानिकांसाठी टस्किगीला प्रशिक्षण सुरू झालं, तिथे ते वैमानिक झाले, दुसऱ्या महायुद्धात ९९व्या स्क्वॉड्रनचं आणि नंतर ३३२व्या ग्रुपचं नेतृत्व केलं, आणि १९५४ मध्ये अमेरिकन हवाई दलाचे पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. २०१७ मध्ये वेस्ट पॉइंटच्या एका नव्या बराकीला त्यांचं नाव देण्यात आलं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड देतो. डेव्हिस वेस्ट पॉइंटला गेले त्याच वर्षी, डिसेंबर १९३२ मध्ये, डेहराडूनला आयएमए रीतसर सुरू झाली. तोवर अधिकारी व्हायचं तर आपल्या मुलांना इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या अकादमीत जावं लागे. कोल्हापूरकडचे जनरल एस. पी. पी. थोरात तिथूनच आले. आणि परत आल्यावर? १९२३ पासून हिंदी अधिकाऱ्यांसाठी आठच पलटणी राखून ठेवल्या होत्या, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला हिंदी माणसाच्या हाताखाली काम करावं लागू नये. रंगावरून सैन्य वाटायचं काम इंग्रजांनीही तितक्याच शिस्तीत केलं.

प्रश्न : मी पंचवीस वर्षं सैन्यात नोकरी केली. आजकाल रगड्याला, म्हणजे शिक्षा म्हणून करून घेतलेल्या कसरतीला, सगळे छळ म्हणू लागलेत. आम्हीही रगडा खाल्ला, काही बिघडलं नाही. घाम गाळल्याशिवाय सैनिक घडेल कसा?
— एक माजी हवालदार, कोल्हापूर

उत्तर : हवालदारसाहेब, घाम गाळण्याबद्दल आपल्यात वाद नाही. डोंगर चढवा, पाठीवर वजन द्या, पहाटे चारला उठवा. तुकडीतल्या एकाची चूक झाली म्हणून सगळ्यांना फ्रंट रोल, म्हणजे कोलांट्या, द्या. ते मी केलंय आणि करवून घेतलंय. माझं म्हणणं वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे.

मी कॅडेट असताना, अकादमीचं नाव घेत नाही, माझ्या शेजारच्या केबिनमध्ये नागालँडचा एक मुलगा होता. पळण्यात आमच्यात सगळ्यांच्या पुढे. एका रात्री सीनियरने सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये काढलं, बूट ओले का म्हणून. आम्ही सगळ्यांनी फ्रंट रोल मारले. मग 'जा झोपायला' म्हणाले, आणि त्याला तेवढं थांबवलं. 'चिनी, तुझं गाणं म्हण' म्हणाले. तो नागा आहे, चिनी नाही, असं त्याने सांगितलं. त्यावर कोपरांवर रांगत लांबच्या लांब कॉरिडॉर. गाणं म्हणेपर्यंत. आम्ही दारं लावून ऐकत होतो. सकाळी पीटीला आमच्या उस्तादांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, त्याची सोललेली कोपरं पाहिली. ते हवालदार होते, साहेब, तुमच्यासारखेच. त्यांनी त्याला काही विचारलं नाही, सरळ डिव्हिजनल ऑफिसरकडे, म्हणजे कॅडेटांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, घेऊन गेले. त्या सीनियरला एक टर्म मागे टाकलं. कॉरिडॉरमध्ये कुजबुज झाली की नागाने नाव घेतलं. त्याने घेतलं नव्हतं, आणि घेतलं असतं तरी बरोबरच होतं.

पहिल्या अर्ध्या तासाचा तो रगडा होता. नंतरचं जे होतं त्याचा सैनिक घडवण्याशी काही संबंध नव्हता. तिथे चूक कुठली सुधारायची होती? त्याचा चेहरा?

आणि 'काही बिघडलं नाही' म्हणता, ते तुमच्या-माझ्यापुरतं खरं असेल. ऑस्कर बूझ नावाचा पेन्सिल्व्हेनियाचा गोरा मुलगा १८९८ मध्ये वेस्ट पॉइंटला गेला. सीनियरांनी त्याच्या घशात जबरदस्तीने तिखट सॉस ओतला. काही महिन्यांत तो सोडून आला आणि १९०० च्या डिसेंबरात घशाच्या क्षयाने वारला. मृत्यू छळाने झाला असं चौकशीत सिद्ध झालं नाही, पण त्या निमित्ताने १९०१ मध्ये संसदेच्या समितीसमोर सगळा प्रकार उघडा पडला आणि कायदा झाला. त्या समितीसमोर साक्षीला एक कॅडेट उभा होता : डग्लस मॅकआर्थर, पुढे जनरल झालेले तेच. उठाबशा काढायला लावून त्यांना शुद्ध हरपेपर्यंत छळलं होतं. जनरलचा मुलगा म्हणून जरा जास्तच. नावं सांगावीत तर चहाडखोर, न सांगावीत तर समितीसमोर खोटं. शेवटी ज्यांनी आधीच कबुली दिली होती किंवा जे तिथून गेले होते, अशांचीच नावं त्यांनी घेतली. वीस वर्षांच्या मुलावर आपणच ही वेळ आणतो, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

मॅकआर्थर १९१९ मध्ये त्याच अकादमीचे प्रमुख म्हणून परत आले. नव्या मुलांचं पहिल्या उन्हाळ्यातलं प्रशिक्षण त्यांनी वरच्या वर्गाच्या कॅडेटांकडून काढून अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आणलं, आणि कॅडेटांच्या ऑनर कमिटीला अधिकृत रूप दिलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढून आलेला माणूस होता तो. त्याला कुणी नाजूक म्हणणार नाही.

साताऱ्याच्या ताईंच्या मुलालाही मी हेच सांगेन. शिक्षा कुठल्या चुकीसाठी आहे हे सांगता येतं का? तीच शिक्षा दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या राज्याच्या मुलाला झाली असती का? आणि अधिकाऱ्यासमोर उजेडात देता येईल का? यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर डिव्हिजनल ऑफिसरकडे जायचं आणि नाव सांगायचं. स्वतःचं अंग सोललं असेल तरी सांगायचं. शेजारच्या केबिनमधल्या मुलाचं सोललं असेल तर त्याने येऊन सांगायची वाट न पाहता सांगायचं.