शेरीफ, नगरपाल आणि कायदा राबवण्यास नकार

एका वाचकांनी विचारले आहे की, अमेरिकेतील काही शेरीफांनी बंदुकांवर निर्बंध घालणारे राज्याचे कायदे राबवण्यास नकार दिला, अशी बातमी मराठीत लिहिताना 'शेरीफ'साठी 'नगरपाल' हा रूढ शब्द वापरावा काय?

माझ्या मते वापरू नये. 'नगरपाल' हा शब्द मुंबईच्या शेरीफासाठी रूढ झाला आणि तेथे तो योग्यच आहे. राज्य शासन एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाची या मानाच्या पदावर वर्षभरासाठी नेमणूक करते; १९८० मध्ये दिलीपकुमार आणि १९९४ मध्ये सुनील गावसकर या पदावर होते. (उच्च न्यायालयाच्या आदेशावरून एखादे जहाज अटकावून ठेवण्याचे काम नगरपालांच्या कार्यालयाकडे असते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.) अमेरिकेतील शेरीफ बहुतेक राज्यांत काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मतदारांनी निवडून दिलेला असतो, त्याच्या हाताखाली सशस्त्र डेप्युटी (दुय्यम अधिकारी) असतात आणि काउंटीचा तुरुंगही सहसा त्याच्याच ताब्यात असतो. 'जिल्हा पोलीस अधीक्षक' हा पर्यायही म्हणूनच चालत नाही, कारण अधीक्षकाची बदली होते, तर शेरीफ राज्यपालाचा नव्हे, मतदारांचा कौल घेऊन खुर्चीवर बसतो.

बातमीतल्या नकाराचे मूळ याच निवडणुकीत आहे. वॉशिंग्टन राज्यात २०१८ साली मतदारांनी १६३९ क्रमांकाचा जनप्रस्ताव मंजूर केला आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घेण्यासाठी २१ वर्षे वयाची व अधिक कडक पार्श्वभूमी-तपासणीची अट आली. त्यावर अनेक ग्रामीण काउंट्यांच्या शेरीफांनी आपण हा कायदा राबवणार नाही असे जाहीर केले. राज्याचे अॅटर्नी जनरल बॉब फर्ग्युसन यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये खुले पत्र लिहून बजावले की, तपासणी टाळल्यामुळे अपात्र माणसाच्या हाती शस्त्र गेले, तर त्याची जबाबदारी त्या अधिकाऱ्यांवर येऊ शकते. त्याच वर्षी कोलोरॅडोत, धोकादायक ठरलेल्या व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याचा कायदा झाला, तेव्हा वेल्ड काउंटीचे शेरीफ स्टीव्ह रीम्स यांनी त्याची अंमलबजावणी करण्यापेक्षा तुरुंगात बसणे पत्करू, असे सांगितले. तो तुरुंग त्यांच्याच अखत्यारीतला होता, हे 'नगरपाल' वाचणाऱ्या मराठी माणसाच्या ध्यानात येणे शक्य नाही.

क्रियापदाबाबत तर याहून अधिक काळजी घ्यावी लागते. 'शेरीफांनी कायदा घटनाबाह्य ठरवला' असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा. शेरीफ तो कायदा घटनाबाह्य मानतात किंवा तसा दावा करतात. 'कायदा मोडला' असे लिहिणेही घाईचे होईल, कारण निर्बंध मोडणारा तो बंदूकधारी. शेरीफाने त्याच्यावर कारवाई केलेली नसते, आणि अशी कारवाई टाळणे त्याच्या विवेकाधिकारात बसते की ती कर्तव्यच्युती ठरते, हाच वादाचा मुद्दा आहे.

'राज्याचा' हे विशेषणही गाळू नये आणि त्याजागी मोघम 'सरकारी' लिहू नये. १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने, म्हणजे राज्याच्या नव्हे तर संघ (केंद्र) सरकारच्या कायद्याने, बंदूक घेणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्याचे काम स्थानिक अधिकाऱ्यांवर टाकले होते. मोंटाना व अॅरिझोना येथील दोन शेरीफ त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, संघ सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना असे राबवून घेऊ शकत नाही. या निकालाचा आधार नकार देणारे शेरीफ पुष्कळदा घेतात. पण तो संघाच्या कायद्यापुरता आहे आणि काउंटी तर राज्याचाच घटक आहे. 'सरकारी कायदा' म्हटले की हा भेद पुसला जातो आणि शेरीफांची बाजू आहे त्यापेक्षा भक्कम भासू लागते.

तेव्हा वाक्य असे लिहावे : 'राज्याचा बंदूक-नियंत्रण कायदा घटनाबाह्य असल्याचा दावा करून काही काउंटी शेरीफांनी तो राबवण्यास नकार दिला.' लेखात शेरीफाचा पहिला उल्लेख येईल तेथे 'काउंटीचा निर्वाचित पोलीसप्रमुख' एवढा खुलासा जोडावा.