वेल्ड केलेल्या जोडांवरचे साडेसहा हजार वाचवावेत का?

देवगडहून एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या 11 वर्षांच्या पेट्रोल मोटारीचा तळपत्रा गंजून त्याला भोके पडली आहेत. नवा पत्रा वेल्ड करून रंग देण्याचे गॅरेजने 32,000 रुपये सांगितले आहेत. जोड सील करून त्यांना गंजरोधक लावण्याचे 6,500 आणि गाडीच्या संपूर्ण पोटाला काळे कोटिंग करण्याचे 4,500 रुपये वेगळे आहेत. हे 11,000 रुपये वाचवावेत, की गाडी विकून 6 लाखांच्या कर्जाने नवी घ्यावी, असा त्यांचा प्रश्न आहे. अडीअडचणीसाठी त्यांच्याकडे दीड लाख रुपये शिल्लक आहेत.

आपण ज्याला जादा खर्च म्हणता, त्यातले साडेसहा हजार माझ्या मते दुरुस्तीचाच भाग आहेत. पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस तापमान लागते, तर जस्त 907 अंशांनाच उकळते. त्यामुळे वेल्डिंग होताच जोडाजवळचा, गंज रोखण्यासाठी पत्र्यावर दिलेला जस्ताचा थर आणि पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंग जळून जातो. एकावर एक आलेल्या दोन पत्र्यांमधली फट पाणी ओढून धरते, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच परत सुरू होतो. वरचा रंग तोवर नवा कोरा दिसत असतो.

असा उघडा जोड 24 महिने टिकला असे धरले, तर 32,000 रुपयांची दुरुस्ती महिन्याला 1,333 रुपयांना पडते. त्याच दराने, सीलिंगचे साडेसहा हजार धरून होणारे 38,500 रुपये वसूल व्हायला 29 महिने पुरतात, म्हणजे सील केलेले काम केवळ पाच महिने जास्त टिकले तरी पैसे फिटतात. नोंदणीची 15 वर्षे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पुढची चार वर्षे ते टिकले, तर हाच खर्च महिन्याला सुमारे 800 रुपयांवर येतो. याउलट 6 लाखांच्या कर्जाचा साडेनऊ टक्के दराने पाच वर्षांचा हप्ता सुमारे 12,600 रुपये होतो. विम्याचा आधार धरू नका, कारण गंज ही झीज मानली जाते आणि तिची भरपाई मिळत नाही.

काळ्या कोटिंगचे 4,500 रुपये मात्र तूर्त देऊ नयेत. उरलेल्या गंजावर ते फासले, तर ओल आत कोंडते आणि गंज डोळ्यांआड वाढत राहतो. शिवाय घाईच्या कामात पाणी निचरण्याची भोकेही बुजवली जातात.

हे सारे गणित एका अटीवर उभे आहे. गाडी लिफ्टवर चढवून, सस्पेन्शन जिथे बसते त्या जागा आणि खालचे मुख्य आधार दुसऱ्या मेकॅनिककडून ठोकून पाहून घ्या. तिथला पत्रा पोकळ निघाला, तर एक रुपयाही न घालता, दोष सांगून गाडी विकणे बरे. मग नव्या मोटारीऐवजी कमी हप्त्याच्या वापरलेल्या गाडीचा विचार करावा.

पत्रा ठणठणीत निघाल्यास कामाचा क्रम लेखी घ्यावा: जुळणाऱ्या पृष्ठभागांवर वेल्डिंगआधी जस्तयुक्त प्रायमर (रंगाखालचा अस्तर थर), नंतर घासून एपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर (जोडाची फट बुजवणारा लेप), मग रंग आणि शेवटी पोकळ भागांत मेण. सीलर उघड्या पत्र्यावर लावू देऊ नये. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली, सीलर लावण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो पाहून, शेवटी चुकती करावी. रंगाखाली काय दडले आहे ते नंतर आपल्याला तपासता येणार नाही.