मास्कमध्ये सगळे कोअर दिले तरी नेटवर्क कार्डचा इंटरप्ट सीपीयू ०वरच का येतो?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ८ कोअरचा लिनक्स सर्व्हर आहे, पॅकेटचा मारा वाढला की सीपीयू ० शंभर टक्क्यांवर जातो आणि बाकीचे सात मोकळे बसतात. इंटरप्ट (कार्डाने 'काम आलंय' म्हणून दिलेला इशारा) कोणत्या कोअरवर यावा ते ठरवणाऱ्या एसएमपी_ॲफिनिटी फाइलमध्ये एफएफ हा मास्क, म्हणजे आठही कोअर, लिहूनही फरक पडला नाही. कार्डाचा ड्रायव्हर तुमच्याच टीमने लिहिलाय आणि कधीकधी मशीन पूर्ण गोठतं. मला ही दोन दुखणी एकाच गल्लतीतून आलेली दिसतात: एका कोअरपुरतं काय घडतं आणि सगळ्या मशीनभर काय घडतं, यातली गल्लत.

आधी मास्क. मास्क म्हणजे परवानगी, वाटप नव्हे. आजची पीसीआय एक्सप्रेस कार्डं वेगळ्या तारेवरून इशारा देत नाहीत. एमएसआय-एक्स पद्धतीत कार्ड एका ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहितं. कोणत्या कोअरच्या लोकल एपिककडे (इंटरप्ट स्वीकारणाऱ्या भागाकडे) जायचं ते त्या पत्त्यातून ठरतं आणि आकड्यातून व्हेक्टर क्रमांक, म्हणजे तो कोणता इंटरप्ट आहे ते, कळतं. तुम्ही एफएफ लिहिलंत की कर्नल त्या आठांतला एक कोअर निवडतो आणि त्याचाच पत्ता कार्डात भरतो. खरी निवड त्याच फोल्डरमधल्या इफेक्टिव्ह_ॲफिनिटी_लिस्ट फाइलमध्ये दिसते. तिथे तुम्हाला एकटा ० दिसेल. हे हेतुपुरस्सर आहे. एकच इंटरप्ट कोअरांवर फिरत राहिला तर रांगेचा डेटा एका कॅशेतून दुसऱ्या कॅशेत ओढला जातो आणि एकाच कनेक्शनची पॅकेटं मागेपुढे होतात.

म्हणून भार पसरवायचा तर इंटरप्टच अनेक हवेत, म्हणजेच कार्डाच्या रांगा अनेक हव्यात. प्रॉकमधली इंटरप्ट्स फाइल 'वॉच -डी'ने बघा. तिच्यात प्रत्येक कोअरला एक स्तंभ असतो. तुमच्या कार्डाची एकच ओळ असेल तर निदान तिथेच झालं. 'ईथटूल -एल' (छोटा एल) कार्डाला जास्तीत जास्त किती रांगा झेपतात ते सांगतो. मोठ्या एलने 'कंबाइंड ८' करा. आकडा वाढत नसेल तर ड्रायव्हर एकच व्हेक्टर मागतोय, तिथे कोड बदलावा लागेल. आठ ओळी दिसू लागल्या की प्रत्येकीच्या एसएमपी_ॲफिनिटी_लिस्टमध्ये एकेक कोअर लिहा. या फाइलला साधा दशमान क्रमांक चालतो, मास्कवाल्या फाइलला हेक्स लागतो. सीपीयू ३ साठी मास्कमध्ये ३ लिहिलं तर तो ० आणि १ होतो. ही चूक सर्रास होते, खरा मास्क ८.

त्याआधी इंटरप्ट आपोआप कोअरांवर वाटणारी आयआरक्यूबॅलन्स सेवा बंद करा, किंवा तिला हे इंटरप्ट वगळायला सांगा. ती डीफॉल्टने दर १० सेकंदांनी फेरमांडणी करते, मग हाताने लिहिलेलं टिकत नाही. दोन सॉकेटचं (दोन प्रोसेसर चिपचं) मशीन असेल तर कार्डाच्या नुमा_नोड फाइलमध्ये बघून त्याच सॉकेटचे कोअर निवडा. लिहिताना 'इनपुट/आउटपुट एरर' आली तर बहुधा तो इंटरप्ट मॅनेज्ड आहे, म्हणजे त्याची वाटणी ड्रायव्हरने कर्नलवर सोपवली आहे. एनव्हीएमई डिस्कवर हे नेहमी दिसतं आणि तिथे हात न लावणंच बरं.

चाचणी घेताना एक फसगत होते. कोणतं पॅकेट कोणत्या रांगेत जाणार ते पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून ठरतं. एका टीसीपी कनेक्शनची सगळी पॅकेटं एकाच रांगेत जातात, त्यामुळे आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) एका स्ट्रीमने चालवलंत तर एकच कोअर तापेल आणि सेटिंग फसली असं वाटेल. मोठ्या 'पी'च्या पर्यायाने निदान १६ स्ट्रीम लावा. हॅशचं वाटप अगदी समान पडत नसतं.

कार्डच एका रांगेचं असेल तर आरपीएस (पॅकेटं सॉफ्टवेअरने कोअरांत वाटण्याची सोय) वापरा: त्या रांगेच्या आरपीएस_सीपीयूज फाइलमध्ये एफई लिहा. इंटरप्ट सीपीयू ०वरच येतील, पण पुढचं प्रोटोकॉलचं काम बाकीच्या सातांकडे जाईल. तुमच्या बाबतीत याचाही बराच फायदा होईल, कारण वेळ प्रत्यक्ष इंटरप्ट हँडलरमध्ये फारसा जात नाही. 'टॉप'मध्ये 'एचआय' (हँडलरचा वेळ) नाही, 'एसआय' (सॉफ्टआयआरक्यूचा, म्हणजे हँडलरनंतर उरलेल्या कामाचा वेळ) फुगलेला दिसेल. हँडलर फक्त कार्डाचे इंटरप्ट थांबवून नॅपीला (पॅकेटं गठ्ठ्याने उचलणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेला) उठवतो. पॅकेटं उचलायचं काम सॉफ्टआयआरक्यूत होतं आणि ते ज्या कोअरवर इंटरप्ट आला त्याच कोअरवर. एका फेरीची मर्यादा डीफॉल्टने ३०० पॅकेटं. सॉफ्टनेट_स्टॅट फाइलमधला तिसरा स्तंभ (हेक्समध्ये, दर कोअरला एक ओळ) सतत वाढत असेल तर फेऱ्या काम उरलेलं असतानाच संपताहेत. दुसरा स्तंभ वाढला तर पॅकेटं टाकली जाताहेत, ते जास्त गंभीर.

आता गोठण्याबद्दल, आणि इथे सावध राहा: इंटरप्ट पसरवलेत की हा प्रकार वाढण्याची शक्यता आहे. प्रोसेसच्या बाजूचा कोड साधा स्पिन_लॉक (मिळेपर्यंत कोअर फिरत वाट बघतो असं कुलूप) घेतो, तेवढ्यात त्याच कोअरवर इंटरप्ट येतो आणि हँडलर तेच कुलूप मागतो. कुलूप सोडणारा कोड हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही आणि हँडलर कुलूप मिळाल्याशिवाय संपणार नाही. आतापर्यंत हे फक्त तो कोड सीपीयू ०वर असतानाच जुळत होतं. आता आठही कोअरवर जुळेल. प्रोसेसच्या बाजूने स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा. हँडलरमध्ये साधा स्पिन_लॉक पुरतो, कारण तो चालू असताना त्या कोअरवरचे इंटरप्ट बंदच असतात. कुलूप फक्त नॅपीच्या पोलमध्ये लागत असेल तर प्रोसेसच्या बाजूने स्पिन_लॉक_बीएच पुरे.

नुसतं लोकल_आयआरक्यू_डिसेबल करून डेटा सुरक्षित झाला असं मानू नका. त्याने फक्त हा कोअर थांबतो. तोच इंटरप्ट क्रमांक दोन कोअरवर एकाच वेळी हाताळला जाणार नाही याची काळजी कर्नल घेतो, पण आठ रांगांचे आठ वेगळे इंटरप्ट खुशाल एकाच क्षणी चालतात. रांगांनी सामायिक वापरलेला प्रत्येक काउंटर आणि बफरची यादी तपासा. शक्य तिथे कुलूप वाढवण्याऐवजी प्रत्येक रांगेचं स्ट्रक्चर वेगळं करा, तेच जलद चालतं.

हँडलरमधून स्वतःच्याच इंटरप्टसाठी डिसेबल_आयआरक्यू बोलावलात तर तो स्वतःच्याच संपण्याची वाट बघत बसतो. तिथे त्याचा 'नोसिंक' (वाट न बघणारा) प्रकार वापरा. हँडलरला लागणारं कुलूप हातात ठेवून फ्री_आयआरक्यू (इंटरप्ट सोडून देणारं फंक्शन) बोलावणं हाही तोच सापळा. चाचणीच्या मशीनवर प्रूव्ह_लॉकिंग (कुलपांचा वापर तपासणारा कर्नलचा पर्याय) चालू करून कर्नल बांधा. दोन्ही वाटा एकेकदा चालल्या की प्रत्यक्ष न गोठताही कुलपांची अशी चुकीची जोडी लॉगमध्ये येते.

ॲफिनिटी रीबूटनंतर टिकत नाही. सिस्टमडीच्या युनिटमधून ती पुन्हा लिहा, पण स्क्रिप्टमध्ये इंटरप्टचा क्रमांक पक्का लिहू नका. तो पुढच्या बूटला बदलू शकतो, इंटरप्ट्स फाइलमधल्या रांगेच्या नावावरून शोधा.