पियानोची पाचवी ग्रेड झाली आहे, मग जीसीएसईला म्युझिक घ्यायची गरज आहे का?

लेक इयर नाइनमध्ये (तेरा-चौदा वर्षांची), एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा संस्थेची पाचवी ग्रेड झालेली, जीसीएसई म्हणजे इंग्लंडमधली सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा पुढे, आणि ‘तेच पुन्हा शाळेत कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. तेच नाहीये, म्हणून लिहितोय.

ग्रेड म्हणजे आपल्या गांधर्वच्या प्रवेशिका-मध्यमासारख्या पायऱ्या. शाळेशी संबंध नाही, वयाची अट नाही. प्रत्येकी ३० गुणांच्या तीन रचना, शिवाय स्केल्स (स्वरांच्या पट्ट्या), साइट रीडिंग (न पाहिलेली रचना वाचून लगेच वाजवणं) आणि ऑरल (ऐकून ओळखणं). एकूण १५०, पास व्हायला १००. जीसीएसईत वादनाला ३० टक्केच. दुसरे ३० टक्के स्वतः रचलेल्या दोन रचनांना, आणि ४० टक्के लेखी पेपरला, ज्यात संगीत ऐकवून प्रश्न विचारतात.

वादनाची तुम्हाला काळजी नको. एडेक्सेल बोर्ड चौथ्या ग्रेडलाच प्रमाण पातळी धरतं. फक्त त्यात निदान एक मिनिट दुसऱ्या कुणाबरोबर वाजवावं लागतं, आणि एकट्याने सराव करणारी पियानोची मुलं तिथेच अडखळतात. आमचे चिरंजीव वर्गातल्या मुलीला साथ करत होते. ती श्वास घ्यायला थांबली आणि हे आपले पुढच्या ओळीवर! घाम फुटला तो मात्र कंपोझिशनला. बोर्डाने दिलेल्या विषयावर एक रचना, मनाची एक, दोन्ही मिळून किमान तीन मिनिटं. दुसऱ्याचं लिहिलेलं सफाईने वाजवणाऱ्याला चार ओळी स्वतःच्या सुचत नाहीत, हे मी घरात पाहिलंय.

विद्यापीठ प्रवेशासाठी धरल्या जाणाऱ्या यूकॅस गुणांचं म्हणाल तर आठवी ग्रेड डिस्टिंक्शनला ३०, सहावी नुसती पास झाली तर ८. ए-लेव्हल म्हणजे जीसीएसईनंतरची, अठराव्या वर्षीची परीक्षा; तिच्यातल्या एका विषयाच्या ए-स्टारला, म्हणजे सर्वोच्च श्रेणीला, ५६. जीसीएसईला शून्य. पण बरीच नावाजलेली विद्यापीठं गुण मोजतच नाहीत, थेट ए-लेव्हलच्या ग्रेड मागतात. त्यामुळे ३० गुणांसाठी पोरीला आठवीपर्यंत रेटू नका. आणि सहावीला बसायचं तर एबीआरएसएमला आधी पाचवीची थिअरी (संगीतशास्त्राची परीक्षा) किंवा तिचा मान्य पर्याय लागतो. ट्रिनिटी या दुसऱ्या परीक्षा संस्थेला ती अट नाही.

पुढे ए-लेव्हलला म्युझिक घ्यायचा विचार असेल तर जीसीएसई घ्याच. काही सिक्स्थ फॉर्म (ए-लेव्हल शिकवणारे वर्ग) त्याऐवजी ग्रेड चालवून घेतात, पण ते आधी विचारून ठेवा. तसा विचार नसेल, तर ती पियानोवर बसल्या बसल्या स्वतःचं काहीबाही वाजवते का ते बघा. वाजवत असेल तर घेऊ दे. नसेल तर ती जागा तिच्या आवडीच्या दुसऱ्या विषयाला द्या आणि ग्रेड चालू ठेवा.